आधी नकार, मग चहा

आमच्या संस्थेत नोकरी कोणाला लागली हे जाहिरात निघायच्या आधीच गावाला ठाऊक असायचं. कोणाला लागली नाही, हे मात्र ज्याला लागली नाही त्यालाही कधी कळायचं नाही. या दोन गोष्टींच्या मधोमध खुर्ची टाकून मी माझी सगळी नोकरी केली.

तालुक्याच्या गावच्या एका शिक्षणसंस्थेत मी मुख्य लिपिक होतो. आमच्याकडे या माणसाला बडे बाबू म्हणतात. निवृत्त होऊन आता बरेच दिवस झाले, तरी बाजारात हाक तीच येते. या अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या, तेव्हा आमची सौ. म्हणाली, "तुमच्या नोकरीत कायची गंमत? येनाऱ्याले बसा म्हना, अन् जानाऱ्याले कळवू म्हना." माझं सगळं काम तिने एका वाक्यात गुंडाळलं, आणि खरं सांगायचं तर ते बरोबरही होतं.

ज्यांना या खात्याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जागा निघाली की जाहिरात द्यायची. अर्ज येतात, त्यांची छाननी होते, मग उमेदवारांना मुलाखतीचं पत्र जातं. हे पत्र मी लिहायचो आणि ते फार कडक असायचं. स्वखर्चाने उपस्थित राहावे, मूळ प्रमाणपत्रे सोबत आणावीत, उशिरा येणाऱ्याचा विचार केला जाणार नाही. उमेदवार बिचारे पहाटेची एसटी नाहीतर जीप धरून यायचे, कडुनिंबाखाली फाईल छातीशी धरून बसायचे. आत समितीसाठी काजू आणि वांग्याची भाजी, बाहेर उमेदवारांसाठी एक माठ आणि त्यावर साखळीने बांधलेला पेला. संध्याकाळी सगळ्यांना एकच उत्तर मिळायचं, "कळवू." बोलावताना एवढा दरारा दाखवणारी संस्था नाही म्हणायची वेळ आली की नव्या नवरीसारखी लाजायची.

लोकांना वाटतं हा मस्तवालपणा आहे. काही ठिकाणी असेलही. आमच्याकडे मात्र त्याचं कारण उलटं होतं. आमचे अध्यक्ष भाऊसाहेब हे इतके भिडस्त गृहस्थ, की दारात आलेल्या भांडीवालीलाही त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. मुलाखतीत ते विषयाचं काही विचारायचे नाहीत, ते काम तज्ज्ञांचं. भाऊसाहेब गाव विचारायचे, मग आडनाव, मग मामाचं गाव. "कामरगावचे? मंग तं तुमी आमच्या साडूच्या सोयऱ्यातले निंगाले!" म्हणून हसायचे. उमेदवाराला वाटायचं, झालं, लागली नोकरी. तो घरी जाऊन तसं सांगायचा. मग त्याचं अख्खं घर वाट पाहत बसायचं.

एकदा धीर करून मी त्यांना विचारलं, "भाऊसाहेब, ज्याइचं झालं नाही त्याइले एक ओळ धाडून देऊ का?"

भाऊसाहेबांनी मी शिवी दिल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "कायले? नाही म्हनून मानूस तोडता का? वाट पाहू पाहू थे आपोआप समजते. अन् उद्या निवडनुकीत त्याच्याच दारात जा लागते, बडे बाबू."

मी दाराबाहेर आलो आणि उरलेल्यांना कळवू म्हणालो.

या कळवूवर सगळ्यात जास्त काळ जगलेला माणूस म्हणजे केनवडचा उत्तम. घरची थोडी बागायत, भाजीपाला पिकवायचा. आमच्याकडे शिपायाची जागा निघो, नाहीतर प्रयोगशाळा परिचराची, उत्तमचा अर्ज हमखास असायचा. मुलाखतीला तो इतक्यांदा आला की नवे उमेदवार त्याला संस्थेचाच माणूस समजायचे. तोही त्यांना झेरॉक्स कुठे निघते, आत कोण हसतं आणि कोण डोळे वटारतं ते समजावून सांगायचा. एकदा बाहेरून आलेल्या तज्ज्ञ साहेबांनी त्याला चहा सांगितला. याने निमूटपणे चहा आणून दिला. पुढचा पुकारा झाला तसा आत जाऊन त्यांच्याच समोर बसला. साहेब म्हणाले, "अरे, कप घेऊन जा ना." उत्तम म्हणाला, "कप मागून नेतो साहेब. आता मी उमेदवार आहो."

एके दिवशी हा उत्तम मेथीच्या जुड्या घेऊन माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, "बडे बाबू, एक इचारू का? बायको म्हन्ते रिसोडच्या बाजारात भाजीचं दुकान टाकू. मी तिले म्हन्तो थांब, सौंस्थेतून कळवनार हायेत. तं खरंच कळवनार हायेत का?"

भाऊसाहेब बाहेरगावी होते. मी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणालो, "उत्तम, तुह्यं नाही होनार गड्या. वयाची अट कवाच निंगून गेली."

त्याने मेथीच्या जुड्या माझ्या टेबलावर ठेवल्या. मग म्हणाला, "हे पहिलेच सांगा लागत होतं ना जी. नाही म्हनायले का जीभ झिजते?"

त्याने दुकान टाकलं. आजही मी गेलो की कोथिंबीर वरून देतो, आणि गिऱ्हाइकांना सांगतो की यांनी मले नाही म्हटलं म्हणून हे दुकान हाये. जीभ झिजत नाही हे मला त्या दिवशी कळलं. पण खरी परीक्षा व्हायची होती.

शाळा उघडायचे दिवस होते. प्रयोगशाळा सहायकाची एक जागा होती, आणि ती कोणाला द्यायची हे एका सदस्याच्या घरच्या लग्नात पंगतीतच ठरलं होतं. तरी मुलाखती रीतसर झाल्या. त्यात कामरगावची संगीता नावाची मुलगी आली होती. विज्ञानाची पदवी, बोलणं नीट. तज्ज्ञ साहेबांनी काचेच्या नळ्या हातात दिल्या तर तिने त्या आधी धुऊन मागितल्या. साहेब खूश झाले, भाऊसाहेबांना तिच्या आत्याचं गाव ओळखीचं निघालं, आणि संगीता कळवू घेऊन घरी गेली.

काही दिवसांनी ती एकटीच ऑफिसात आली. म्हणाली, "सर, वर्ध्याकडच्या एका वसतिगृहाच्या शाळेत माह्यं काम झालं. सोमवारी हजर व्हायचं हाये. नाही गेली तं थे दुसऱ्याले देनार. पन बाबा म्हन्तात, इथलं होऊन राह्यलं तं घर सोडून कायले जाते? मले फक्त सांगा, इथलं होनार हाये का नाही?"

मी आत गेलो. भाऊसाहेब पोहरादेवीला दर्शनाला निघायच्या तयारीत होते. मी सगळं सांगितलं. जागा भरली आहे, पोरीला तसं सांगून टाकू, नाहीतर तिची तिकडचीही जाईल. भाऊसाहेबांना वाईट वाटलं, खरंच वाटलं, कारण ते वाईट माणूस नव्हते. पायात चप्पल सरकवत ते म्हणाले, "पोरगी हुशार हाये हो. तिले तोंडावर नाही म्हनवत नाही. कळवू म्हना." आणि जीपमध्ये जाऊन बसले.

मीही तेच म्हणालो. संगीता बरं म्हणून गेली. तिच्या चपलांचा आवाज व्हरांड्यातून फाटकापर्यंत ऐकू आला आणि मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या अर्जावरचा मोबाईल नंबर लावला. वडिलांनी उचलला. मी म्हणालो, "मी संस्थेतून बोलतो, बडे बाबू." पुढे तोंड उघडायच्या आत पलीकडून ओरडण्याचा आवाज आला, "अवो आइकलं का! सौंस्थेचा फोन आला! संगीताचं झालं!" मग भांडं पडल्याचा आवाज, कोणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि वडील पुन्हा फोनवर आले. "बोला बडे बाबू, बोला!" मी म्हणालो, "उद्या घरी येऊन सांगतो."

आमच्याकडे वाईट बातमी फोनवर सांगत नाहीत, माणूस जाऊन सांगतो. माझ्या डोक्यात ते होतं. त्यांच्या डोक्यात काय होतं, हे मला कामरगावला जीपमधून उतरल्यावर कळलं.

अंगणात शेणाचा सडा पडला होता. समाजमंदिरातून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या ओळीने मांडल्या होत्या आणि त्यावर शेजारपाजार येऊन बसला होता. संगीताचे वडील श्रीरामभाऊ धुतलेलं धोतर नेसून फाटकाशी उभे. हे गृहस्थ भाजीपाल्याचे मळेवाले, हाताला मातीचा रंग कायमचा लागलेला. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचनात.

"श्रीरामभाऊ, मले थोडं बोलायचं हाये," मी म्हणालो.

"बोलसान ना जी! पहिले हातपाय धुवा. पोया थंड्या होऊन राह्यल्या."

मी हातपाय धुतले. पाट मांडला गेला. पुरणपोळी, कढी, भजी. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा त्यात पोळी आली. वाढणाऱ्या बायका वाढत होत्या, श्रीरामभाऊ तूप सोडत होते, आणि दाराआडून संगीता माझ्याकडे पाहत होती. त्या घरात ती एकटीच हसत नव्हती. मला वाटतं तिला कळलं होतं.

जेवण झालं तसा शेला आणि टोपी आली. आमच्या भागात पाहुण्याचा मान असाच करतात. एकाने माझ्या डोक्यावर पांढरी टोपी ठेवली, खांद्यावर शेला टाकला, हातात नारळ दिला. एक शेजारी मोबाईलवर व्हिडिओ काढू लागला. माजी सरपंच उठून संस्थेबद्दल चार शब्द बोलले. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले, आणि मी त्या टोपीत, त्या शेल्यात, पोटात पुरणपोळी घेऊन उभा राहिलो. आता नाही सांगितलं तर सोमवार निघून जाणार होता.

"संगीताबाईची निवड झाली नाही," मी म्हणालो. "जागा भरली. तुमी सोमवारी तिकडे हजर व्हा. आमची वाट पाहू नका."

व्हिडिओ काढणाऱ्याला थांबावं की काढत राहावं ते कळेना, त्याने मोबाईल हळूच नारळाकडे वळवला. श्रीरामभाऊंचा चेहरा पाहवत नव्हता. त्यांनी माझ्या डोक्यावरच्या टोपीकडे पाहिलं. मग म्हणाले,

"मंग जेवले काहून?"

"तुमी बोलूच नाही देलं हो," मी म्हणालो, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

संगीता बाहेर येऊन बाजेच्या काठावर बसली. ती रडली, सगळ्यांसमोर, न लपवता. मग ओढणीने तोंड पुसलं आणि म्हणाली, "बाबा, माळ्यावरची बॅग काढा."

मी डोक्यावरची टोपी काढायला लागलो तर श्रीरामभाऊंनी माझा हात धरला. "राहू द्या. आमच्या दारातून पाहुना बोडक्या डोक्यानं जात नाही. पन बडे बाबू, दुसऱ्याच्या घरी जासान तं पहिले सांगजा अन् मंग जेवजा."

जीप मिळेपर्यंत संगीता माझ्यासोबत रस्त्यावर उभी राहिली. म्हणाली, "इतक्या ठिकानी मुलाखती देल्या सर, सारे कळवू म्हन्तात. मंग मी रातभर आठवत बसते, का माह्यं काय चुकलं असंन. कपडे चुकले का बोलनं चुकलं. आज पहिल्यांदा कोनी घरी येऊन सांगतलं का झालं नाही."

"तुह्यं काई चुकलं नव्हतं बाई," मी म्हणालो. "तुह्यी मुलाखत साऱ्यात चांगली झाली होती." एवढं सांगायला मला टोपी घालावी लागली, याची मला फार लाज वाटली.

सोमवारी ती वर्ध्याकडे हजर झाली. इकडे भाऊसाहेबांच्या कानावर सगळं गेलं होतं. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. पण ते पोट धरून हसले. "बडे बाबू, नाही म्हनायले गेले अन् पुरनपोळी हानून आले!" पुढे त्यांना कळलं की श्रीरामभाऊ चार लोकांत सांगतात, संस्थेनं नाही म्हटलं पण माणूस घरी धाडला. मग पुढच्या एका सभेत भाऊसाहेबांनी आमच्या संस्थेच्या या थोर परंपरेचा उल्लेखही केला. परंपरा तोवर एका पुरणपोळीची होती. मला मात्र परवानगी मिळाली. "सांगत जा तुमी. माह्यं नाव नोका घेऊ."

तेव्हापासून निवृत्तीपर्यंत मी नाही सांगत गेलो. लांबच्यांना फोनवर, जवळच्यांना त्यांच्या गावी जाऊन. घरी गेलो तर नियम एकच, श्रीरामभाऊंचा. दारात उभं राहूनच सांगायचं, आणि त्यांनी मग चहा दिला तर तो पिऊनच यायचं. कोणी आभार मानले, कोणी शिव्या दिल्या. एका आईने विचारलं, "मंग कोनाचं झालं?" मी चहा प्यायलो. पण चहा न देणारं घर मला एकही भेटलं नाही.

आता शेवटचं सांगतो, कारण ते आमच्याच घरात घडलं.

आमची सून अश्विनी शिकलेली आहे. विज्ञान शिकवते आणि छान शिकवते. गेल्या वर्षी तिने वाशीमच्या एका शाळेत अर्ज केला. तिथल्या मुख्याध्यापिका म्हणजे आपली कामरगावची संगीता. वर्ध्याकडे नोकरी करता करता पुढचं शिकली आणि मोठी होऊन जिल्ह्यात परत आली. मी तिला फोन केला नाही, असं इथे लिहायचा मोह होतो. केला. "अश्विनीची मुलाखत तुमच्याकडे आहे, आपलं सहज सांगितलं," असं म्हणालो. ती म्हणाली, "हो काका, माहीत हाये." पुढे तब्येतीची चौकशी.

मुलाखत झाली आणि आमच्या घराने वाट पाहायला सुरुवात केली. अश्विनीचा विचार शिकवणी वर्ग काढायचा होता. चौकातली एक खोली पाहून ठेवली होती, मालक रोज विचारायचा घेता की देऊ दुसऱ्याला, आणि ती रोज म्हणायची, थांबा, शाळेचं कळू द्या. फोन वाजला की सगळे थांबायचे. कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकायचो. दुसऱ्याला जन्मभर कळवू म्हणणाऱ्या माणसाला कळवूच्या या बाजूला किती ऊन असतं हे तेव्हा कळलं.

रविवारी सकाळी फाटकाशी स्कूटर थांबली. संगीता होती. सौ.ने खिडकीतूनच पाहिलं. "मॅडम सोता आल्या!" म्हणत ती आत धावली आणि शिऱ्याचा रवा भाजायला टाकला.

संगीता दारातच उभी राहिली. मी आत या म्हणालो, तरी हलली नाही. "काकू, चहा नोका ठेवू अजून. पहिले आइका," ती म्हणाली, आणि मला कळलं.

ती माझ्याशी बोललीच नाही, अश्विनीकडे वळली. "अश्विनी, तुमची निवड झाली नाही. जिची झाली तिचा अनुभव तुमच्यापेक्षा जास्त होता. मुलाखतीतला तुमचा तास चांगला झाला. फक्त फळ्याकडे पाहून बोलता, मुलांकडे पाहून बोला. आमच्यासाठी थांबू नका."

खोटं कशाला बोलू, मला राग आला. आयुष्यभर ज्या गोष्टीचा मी अभिमान बाळगला ती स्वतःच्या दारात आली, तर माझ्या मनात पहिला विचार आला, अहो, आपली एवढी ओळख! स्वयंपाकघरात उलथन्याचा आवाज थांबला आणि सौ. मोठ्याने म्हणाली, "ओळखीची असून नाही म्हन्ते?"

अश्विनीचे डोळे भरले होते. मग तिने ते पुसले आणि विचारलं, "फळ्याकडे पाहून बोलते, हे खरं?"

"खरं," संगीता म्हणाली.

"मग आता चहा ठेवते," अश्विनी म्हणाली, "या आत."

रवा अर्धा भाजून झाला होता. तो वाया कशाला घालवायचा म्हणून सौ.ने त्याचा शिरा केला, रागाने थोडी साखर जास्तच पडली. संगीताने दुसऱ्यांदा मागून घेतला. निघताना अश्विनी आतून हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली आणि आपल्याला नाही म्हणणाऱ्या बाईची तिने तांदूळ, नारळ, खण घालून ओटी भरली. संगीताला पदर सावरता येईना, डोळे पुसावेत की ओटी धरावी ते कळेना. जाता जाता मला म्हणाली, "काका, थे टोपी हाये का अजून?"

"आहे ना," मी म्हणालो.

स्कूटर कोपऱ्यावर वळली तशी अश्विनीने खोलीमालकाला फोन लावला. "भाऊ, खोली मी घेते. हो, पक्कं. चावी न्यायला आत्ताच येते."

मी कपाटातून टोपी काढली, डोक्यावर ठेवली आणि तिच्यासोबत निघालो.